पिशवीतील रोपांचे पोषण आणि खतांची मर्यादा : दोडामार्ग परिसरातील रोपवाटिकांच्या संदर्भात

१. प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि गोव्याच्या सीमेला लागून दोडामार्ग तालुका वसलेला आहे. १९९९ साली स्वतंत्र तालुका म्हणून अस्तित्वात आलेल्या या भागाचे अर्थकारण प्रामुख्याने बागायतीवर उभे आहे. काजू, नारळ, सुपारी, मिरी, केळी, अननस आणि अलीकडच्या काळात रबर ही येथील प्रमुख पिके होत. यांपैकी बहुतेक पिकांच्या आयुष्याची सुरुवात शेतात होत नाही. ती पॉलिथिनच्या पिशवीत होते. काजूचे कलम, सुपारीचे रोप, मिरीची मुळावलेली फाटी आणि उतिसंवर्धित केळीचे रोप ही सर्व काही महिने पिशवीतील मूठभर मातीवर जगतात आणि मगच जमिनीत जातात.

१९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कोकणात कलमांची मागणी मोठ्या प्रमाणावर वाढली. १९५७ साली स्थापन झालेल्या व आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असलेल्या वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या काजूच्या जाती मृदुकाष्ठ कलमांच्या रूपाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या. त्याबरोबरच पिशवीत रोप वाढविण्याचे तंत्रही गावोगावी रुजले. या तंत्रातील माती, पाणी, सावली व कलम बांधणी यांची चर्चा पुष्कळ होते. खताविषयी मात्र ‘थोडे घालावे’ यापलीकडे सहसा कोणी जात नाही. हे ‘थोडे’ म्हणजे नेमके किती, आणि ते कशावरून ठरवावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. जमिनीतील माती व पिशवीतील माती

शेतातील झाडाला खत अधिक पडले तरी जमीन ते बऱ्याच अंशी सांभाळून घेते. मुळे दुसरीकडे वळू शकतात, पाणी खोलवर झिरपते, मातीचे कण काही अन्नद्रव्ये धरून ठेवतात. पिशवीतील रोपाला यांपैकी कोणतीच पळवाट नसते.

उदाहरणादाखल १५ × २५ सेंटिमीटर आकाराची पिशवी घेऊ. रोपवाटिकांत ती सर्रास वापरली जाते. भरल्यावर तिचा व्यास सुमारे ९.५ सेंटिमीटर होतो. माती २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरली, तर तिचे आकारमान सुमारे १.४ लिटर भरते. काजू लागवडीसाठी ६० × ६० × ६० सेंटिमीटरचा खड्डा घेतला जातो, त्याचे आकारमान २१६ लिटर होते. म्हणजे खड्ड्यात पडणाऱ्या खताच्या तुलनेत तेच खत पिशवीत सुमारे दीडशेपट दाट होते. शेतातील अंदाज पिशवीला का लावता येत नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

यात जांभ्या मातीच्या गुणधर्माची भर पडते. अतिवृष्टीमुळे या मातीतील चुना व इतर क्षार शतकानुशतके वाहून गेलेले असतात. ती आम्लधर्मी असते आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची क्षमता कमी असते. लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांमुळे स्फुरद मात्र तिच्यात घट्ट बांधला जातो. परिणामी नत्र व पालाश पटकन पाण्यात उतरतात आणि स्फुरद असूनही मुळांना लवकर मिळत नाही. मिश्रणात शेणखत किंवा गांडूळखत मिसळण्याचे महत्त्व येथे आहे. त्यांतील सेंद्रिय पदार्थ अन्नद्रव्ये धरून ठेवणारी कोठी तयार करतात.

३. अतिरेकाने अपाय कसा होतो

मूळ पाणी शोषते ते परासरणाच्या नियमाने. मुळाच्या पेशीतील रस बाहेरील पाण्यापेक्षा अधिक दाट असेल तरच पाणी आत ओढले जाते. बाहेरील पाण्यात खताचे क्षार वाढले की ही ओढ कमी होते आणि फारच वाढले तर पाणी उलट मुळातून बाहेर पडू लागते. माती ओली असूनही रोप दुपारी मलूल दिसते, ते यामुळे. मातीत पाणी असते, परंतु ते मुळाच्या आवाक्यात राहत नाही.

युरियाच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. मातीतील सूक्ष्मजीवांच्या विकरामुळे युरियाचे काही दिवसांतच अमोनियात रूपांतर होते. या काळात कणाभोवतीचा सामू तात्पुरता वाढतो आणि मुक्त अमोनिया कोवळ्या मुळांना भाजतो. २०१५ पासून देशात युरियावर निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले आहे. या लेपामुळे अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते. तथापि पिशवीत एकाच वेळी अधिक युरिया पडल्यास होणारा दाह लेपामुळे टळत नाही.

तिसरा अपाय डोळ्यांना सुखावणारा असल्याने अधिक फसवा आहे. नत्र मरण्याइतका नव्हे, पण गरजेपेक्षा जास्त मिळाला, तर रोप गर्द हिरवे, उंच व लुसलुशीत होते. त्याच्या दोन पानांमधील अंतर वाढते, खोड मऊ राहते आणि पाल्याच्या मानाने मुळांची वाढ कमी होते. अशा कोवळ्या पालवीवर काजूवरील ढेकण्या किडीचा उपद्रव अधिक होण्याचा संभव असतो. रोपवाटिकेत हे कलम सर्वांत आधी विकले जाते. शेतात लावल्यावर, पाऊस संपून जमीन सुकू लागली की, त्याची अपुरी मुळे एवढा पाला पोसू शकत नाहीत. काजूच्या कलमापासून उत्पन्न सुरू होण्यास साधारण ३ ते ४ वर्षे लागतात. दुसऱ्या वर्षी कलम मेले तर शेतकऱ्याचा खड्डा, मजुरी, राखण आणि दोन पावसाळे फुकट जातात, आणि त्याचे कारण रोपवाटिकेतील एका चमच्यात असू शकते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

४. चिमटीचा हिशेब

१.४ लिटरच्या पिशवीतील मिश्रणाने आकारमानाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरले आहे असे गृहीत धरू. ते सुमारे ४२० मिलिलिटर होते. मुळांचे सर्व पोषण या पाण्यातून व्हावयाचे असते.

या पिशवीत चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम युरिया टाकला आणि तो सर्व विरघळला असे समजू. युरियात ४६ टक्के नत्र असतो. त्यामुळे पाण्यात २.३ ग्रॅम नत्र उतरेल आणि त्याचे प्रमाण लिटरला सुमारे ५,५०० मिलिग्रॅम होईल. तुलनेसाठी एक प्रमाण उपलब्ध आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेनिस होगलँड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ साली मातीविना वनस्पती वाढविण्यासाठी जे पोषक द्रावण प्रसिद्ध केले, त्यात नत्राचे प्रमाण लिटरला २१० मिलिग्रॅम आहे. मातीचा आधार नसलेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या झाडासाठी हे भरपूर मानले जाते आणि लहान रोपांसाठी ते अनेकदा निम्मे करून वापरतात. म्हणजे एक चमचा युरियाने पिशवीतील पाणी या पूर्ण द्रावणाच्या सुमारे २६ पट दाट होते. ‘चिमूटभर’ म्हणून अर्धा ग्रॅमच टाकला, तरी प्रमाण ५५० मिलिग्रॅम, म्हणजे अडीचपटीहून अधिक होते.

आता हेच अर्धा ग्रॅम दुसऱ्या बाजूने पाहू. त्यात २३० मिलिग्रॅम नत्र आहे. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात विरघळविले तर त्या द्रावणात लिटरला १९० मिलिग्रॅम नत्र असतो. त्यातील १०० मिलिलिटर द्रावण एका पिशवीला दिले तर १९ मिलिग्रॅम नत्र मिळतो. असे दर पंधरवड्याला एकदा याप्रमाणे १२ वेळा दिले, तर सहा महिन्यांत एकूण २२८ मिलिग्रॅम नत्र दिला जातो. एका चिमटीत एकाच दिवशी अपायकारक ठरणारा नत्र बारा हप्त्यांत विभागला, तर सहा महिने रोपाला पोसतो. या गणितातून लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो : पिशवीतील रोपाच्या बाबतीत वर्षाचा एकूण डोस दुय्यम आहे, मुळाशी असलेल्या पाण्याची त्या त्या दिवसाची दाटी निर्णायक आहे.

५. दोन ऋतू, दोन प्रकारचे अतिरेक

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. वरील पिशवीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७१ चौरस सेंटिमीटर असते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास उघड्यावरील पिशवीत सुमारे ७१० मिलिलिटर पाणी पडते. हे पाणी मिश्रणात मावणाऱ्या ४२० मिलिलिटर पाण्याहून पुष्कळ अधिक आहे. साहजिकच विरघळलेले नत्र व पालाश पिशवीच्या छिद्रांतून निघून जातात. पाने पिवळी पडली म्हणून पुन्हा खत, पुन्हा पाऊस आणि पुन्हा खत असे चक्र सुरू होते. यात रोपाला फारसे काही मिळत नाही. खत पऱ्ह्यात व ओहोळात जाते. दोडामार्गच्या बाबतीत ही गोष्ट उपेक्षणीय नाही, कारण या परिसरातील पाणी ज्या तिळारी नदीला मिळते, तीच पुढे गोव्यात शापोरा म्हणून ओळखली जाते. पावसाळ्यात रोपे आडोशाखाली ठेवणे किंवा उघडीप पाहून सौम्य मात्रा देणे हाच यावरील उपाय आहे.

उन्हाळ्यात याच्या नेमके उलट घडते. झारीने वरवर पाणी दिले जाते, ते तळापर्यंत पोहोचत नाही. पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि पिशवीला रोज १०० मिलिलिटर पाणी दिले जाते. निचरा मुळीच झाला नाही, तर ६० दिवसांत १.२ ग्रॅम क्षार केवळ पाण्यातून साठतात. त्यावर खताचे क्षार वेगळेच. किनाऱ्यालगत, जेथे उन्हाळ्यात विहिरींना मचूळपणा येतो, तेथे हा धोका अधिक असतो. म्हणून उन्हाळ्यात ठरावीक दिवसांनी पिशवीच्या तळातून थोडे पाणी बाहेर पडेपर्यंत पाणी द्यावे. दिलेल्या पाण्याच्या साधारण दहावा ते पाचवा हिस्सा बाहेर पडला म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

६. सेंद्रिय खतांविषयीचे काही समज

‘रासायनिक खत जाळते, सेंद्रिय खत कितीही चालते’ असा एक समज रूढ आहे. मूळ अमोनिया व क्षार यांनी भाजते. ते कोठून आले याचा त्याला भेद नसतो. ताजे शेण व कोंबडीखत कुजताना उष्णता व अमोनिया निर्माण करतात. मासळीच्या खतात मिठाचा अंश राहू शकतो. गोमूत्रात युरिया व क्षार दोन्ही असल्याने ते भरपूर पाणी मिसळल्याशिवाय देऊ नये. लाकडाच्या राखेत पालाश असतो, परंतु ती अल्कधर्मी असल्याने लहान पिशवीत मूठभर राख सामू एकदम बदलून टाकते आणि लोह, जस्त यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये रोपाला मिळेनाशी होतात.

नारळाच्या सोडणातून निघणारा काथ्याचा भुसा, म्हणजे बाजारातील कोकोपीट, हलका व पाणी धरणारा असल्याने मिश्रणात उपयुक्त ठरतो. न धुतलेल्या भुशात मात्र सोडियम, क्लोराइड व पालाश यांचे प्रमाण जास्त असू शकते. तसेच न कुजलेला भुसा कुजताना सूक्ष्मजीव मिश्रणातील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि रोप पिवळे पडते. यास्तव भुसा गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन व कुजवून वापरणे इष्ट होय.

७. अवस्थेनुसार गरज

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्लंडमधील जॉन इनेस उद्यानविद्या संस्थेत विल्यम लॉरेन्स व जॉन न्यूवेल यांनी कुंडीतील मिश्रणांवर प्रयोग केले. तोवर प्रत्येक माळी प्रत्येक झाडासाठी निराळे मिश्रण वापरीत असे. कुंडीसाठी ७ भाग माती, ३ भाग पीट व २ भाग वाळू असे एकच मूळ मिश्रण बहुसंख्य झाडांना चालते, बदलायची ती खताची मात्रा, हे त्यांनी दाखवून दिले. लहान रोपाला मूळ मात्रा, मोठ्या कुंडीत बदललेल्या झाडाला दुप्पट आणि त्याहून मोठ्यास तिप्पट अशी त्यांची श्रेणी आहे. येथील पिशव्यांना ते मिश्रण जसेच्या तसे लावण्याची गरज नाही, परंतु त्यामागील विचार घेण्याजोगा आहे.

काजूचेच उदाहरण घेतल्यास, बी रुजल्यानंतरचे पहिले काही आठवडे रोप बीजदलांतील साठ्यावर वाढते. या काळात वरून खत देण्याचे कारण नाही. शेणखतयुक्त मिश्रणातील अन्न त्याला पुरते. साधारण ४५ ते ६० दिवसांच्या खुंटरोपावर कलम बांधले जाते. कलम बांधल्यावर सांधा जुळून नवी पालवी फुटेपर्यंतही खत थांबवावे, कारण पाने नसलेल्या रोपाकडून पाण्याचे व अन्नाचे शोषण अत्यल्प होते आणि दिलेले खत मातीतच साठून राहते. पालवीची पाने पक्व होऊ लागल्यावर लिटरला अर्धा ग्रॅम विद्राव्य खतापासून सुरुवात करून पुढे १ ग्रॅमपर्यंत जावे. लागवडीपूर्वी ३ ते ४ आठवडे नत्र थांबवून रोप हळूहळू उन्हाला सरावू द्यावे.

स्फुरदाचा विचार वेगळा करावा लागतो. तो मातीत फारसा हालत नसल्याने सिंगल सुपर फॉस्फेटसारखे खत पिशवी भरण्यापूर्वीच मिश्रणात अल्प प्रमाणात एकजीव करणे सोयीचे असते. स्फुरद जास्त झाल्यास मात्र लोह व जस्त यांचे शोषण अडते आणि मुळांवर वाढणाऱ्या उपयुक्त बुरशीलाही बाधा येते.

८. लक्षणांचे निदान व मोजमाप

अतिरेकाची व उणिवेची लक्षणे परस्परांत मिसळतात, ही खरी अडचण आहे. जुनी पाने एकसारखी फिकट पिवळी होत असतील तर नत्राची उणीव संभवते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचा अभाव, सामूतील बिघाड किंवा पाण्याचा निचरा न होणे ही कारणे तपासावीत. पानांची टोके व कडा करपणे, मातीवर किंवा छिद्रांपाशी पांढरट थर जमणे, ओल्या मातीत रोप मलूल होणे आणि मुळांची टोके तपकिरी होणे ही क्षार वाढल्याची चिन्हे होत. यास्तव खत देण्याचा निर्णय पानांवरून घेण्यापूर्वी एखादी पिशवी फाडून मुळे पाहावीत. मुळे कुजलेली असतील तर खत देणे म्हणजे दुखणे वाढविणे होय.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला न्यूनतम घटकाचा नियम येथे स्मरणीय आहे. जो घटक सर्वांत कमी असतो, तोच वाढीला मर्यादा घालतो. दाट लावलेल्या पिशव्यांत प्रकाश कमी पडत असेल, किंवा तळाची छिद्रे बुजून मुळांना हवा मिळत नसेल, तर नत्र कितीही वाढविला तरी वाढ होणार नाही. न वापरला गेलेला नत्र केवळ दाटी वाढवील.

व्यावसायिक रोपवाटिकेस विद्युतवाहकता मापक हे लहान उपकरण उपयोगी पडते. रोपांना नेहमीप्रमाणे पाणी द्यावे, तासाभराने पिशवीवर थोडे पाणी ओतून तळातून येणारे सुमारे ५० मिलिलिटर पाणी गोळा करावे आणि त्याची वाहकता मोजावी. अमेरिकेत रॉबर्ट राइट यांनी १९८६ साली मांडलेली ही पद्धत सोपी आहे. विहिरीच्या पाण्याची वाहकता सोबत मोजल्यास खताचा वाटा किती हे समजते. दर पंधरवड्याला हा आकडा वाढतच गेला, तर पुढील हप्ता वगळावा. एक सावधगिरी आवश्यक आहे : युरिया पाण्यात विद्युतभारित कणांत विभागला जात नाही, त्यामुळे नुकताच टाकलेला युरिया या उपकरणाला दिसत नाही.

चुकून खत जास्त पडले असल्यास पहिल्या दिवशीच पिशवीच्या आकारमानाच्या दुप्पट, म्हणजे वरील पिशवीला सुमारे ३ लिटर साधे पाणी, थांबून थांबून द्यावे. युरिया मातीच्या कणांना चिकटत नाही, म्हणून तो प्रारंभी सहज धुतला जातो. त्याचे अमोनियम झाल्यावर धुलाई तितकी परिणामकारक राहत नाही. त्यानंतर रोप सावलीत ठेवावे आणि नवीन निरोगी पालवी येईपर्यंत कोणतेही खत देऊ नये.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पिशवीतील खताचा विचार पिशवीतील पाण्याच्या हिशेबाने करावा, शेतातील मात्रा तेथे लागू होत नाही.

२) दाणेदार युरिया पिशवीत थेट टाकू नये. खत पाण्यात विरघळवून, मोजून व सौम्य हप्त्यांत द्यावे. कोरड्या मातीवर खताचे द्रावण न देता आधी माती साध्या पाण्याने ओलवावी.

३) मुसळधार पावसात खत वाया जाते, तर उन्हाळ्यात ते साठते. वेळापत्रक दिनदर्शिकेपेक्षा पावसावर व निचऱ्यावर ठरवावे.

४) रुजण्याचा काळ, कलम जुळण्याचा काळ आणि लागवडीपूर्वीचे शेवटचे आठवडे या तिन्ही वेळी हात आखडता घ्यावा.

५) कलम विकत घेताना शेतकऱ्याने उंची व हिरवेपणा यांबरोबरच खोडाची जाडी, सांध्याची मजबुती, पक्व पाने आणि मुळांची स्थिती पाहावी.

यांतील पाचवी बाब रोपवाटिका चालकापेक्षा ग्राहकाच्या हाती अधिक आहे. जोपर्यंत गर्द हिरव्या, लुसलुशीत कलमाला जादा भाव मिळतो, तोपर्यंत अधिक खत देण्याचा मोह राहणारच. शेतकरी पिशवीच्या तळाशी वाकून मुळे पाहू लागला, तर रोपवाटिकेलाही मुळांसाठी कलम वाढविणे परवडेल. दोडामार्गसारख्या बागायतीवर जगणाऱ्या तालुक्यात एका कलमाची निवड पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न ठरविते. ती निवड डोळस व्हावी, यासाठी खताच्या मर्यादेचे हे ज्ञान रोपवाटिकेइतकेच शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.